तीन नंबरची खूण

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा तेच! सकाळी संगणकावर ज्या मेलला निळी खूण, दुपारी तीच मेल माझ्या टॅबवर हिरवी. दादाच्या फोनवर तर खूणच नाही. एक पत्ता, तीन यंत्रं, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना!

दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसेल. पण आमच्याकडे खूण म्हणजेच बोलणं. दादा पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसून कृत्रिम डोळ्यांची बुबुळं रंगवतो. मी मागच्या खोलीत साचे, मेण आणि कुकर सांभाळते. मध्ये पॉलिशचं चाक घरघरत असतं. हाका मारून मारून घसा बसायचा. म्हणून बाबा गेल्यावर आम्ही ही पद्धत काढली – येणाऱ्या प्रत्येक माणसाची एक मेल, आणि त्या मेलवर खूण. निळी म्हणजे ‘थांब, रंग पुन्हा बघायचाय’. हिरवी म्हणजे ‘रंग पक्का, शिजवायला टाक’. तांबडी म्हणजे तक्रार – हातातलं काम सोडून आधी ती. सहा वर्षं झाली, या डिसेंबरापर्यंत घोटाळा म्हणून नव्हता.

आज हिरवी बघून मी एका निवृत्त पोस्टमनचा डोळा कुकरमध्ये टाकला. दादा म्हणतो, त्याने निळी लावली होती. वरचा पारदर्शक थर एकदा शिजला की आतला रंग बदलत नाही. चार दिवसांचं काम पाण्यात. बिचारा पोस्टमन गुडघे धरत परत येणार आणि दोन तास खिडकीत बसणार.

“तुझं ते यंत्र बदल ग मुंगे,” दादा म्हणाला. मी अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी झाले, तरी त्याच्यासाठी मुंगीच.

५ फेब्रुवारी, बुधवार

संगणकवाला आला होता. पन्नाशीचा, शांत माणूस. तिन्ही यंत्रं टेबलावर ओळीने मांडली आणि बराच वेळ नुसता बघत बसला.

“ताई, खुणेला रंग नसतोच,” शेवटी म्हणाला. “असतो तो नंबर. तीन नंबरची खूण, एवढंच इकडून तिकडे जातं. तिला कोणता रंग चढवायचा ते ज्याचं त्याचं यंत्र ठरवतं.”

म्हणजे तीन नंबर संगणकावर निळा, आणि माझ्या टॅबवर हिरवा! दादाच्या फोनला तर नंबर कळतच नव्हते. टॅब आणि फोन दोन्ही डिसेंबरात नवे घेतले, तेव्हापासूनच हा गोंधळ. त्याने सगळीकडे एकाच नंबरला एकच रंग दिला, फोनमध्ये दुसरं ॲप टाकलं. मी दहा वेळा इकडून खूण लावली, तिकडे तपासली. दहाच्या दहा बरोबर. जीव भांड्यात पडला.

दादाला म्हटलं, “आता उठून संगणकापाशी जायला नको. ब्रश हातात असतानाच फोनवर खूण लाव.”

“मला संगणकच बरा,” म्हणाला.

“का? तिथे पैठणी मिळते का?” वहिनी खो खो हसली. दादा नाही हसला. पण फोन घेतला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभरात अकरा खुणा. सगळ्या तिन्ही ठिकाणी सारख्या. मी उगाचच खूश.

१० फेब्रुवारी, सोमवार

एक मुलगी आली. नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी आजारात डावा डोळा काढावा लागला. पहिला कृत्रिम डोळा आता लहान पडतोय, गिरकी घेतो. सोबत आई. आई गप्प, मुलीचं तोंड मात्र बंद नाही.

“या लाल रेषा कशाच्या?”

“रेशमाचे धागे. डोळ्यातल्या शिरांसाठी,” दादा म्हणाला.

“खऱ्या रेशमाचे? मोजून लावता? माझ्या उजव्या डोळ्यात किती आहेत? मोजा बरं!”

दादाने खरंच भिंग घेऊन मोजल्या! तिचं नावच ठेवलं – फौजदारीणबाई. तिचा उजवा डोळा मोठा सुंदर आहे. करडा, हिरव्याकडे झुकणारा, आतल्या कडेला सोनेरी ठिपके. असले डोळे रंगवायला दादाला फार आवडतं.

जाताना ती दारात थांबली. एक एप्रिलपासून नवीन शाळा आहे. जुन्या शाळेत मुलं ‘काढ ना, दाखव ना’ म्हणायची.

“नवीन शाळेत कुणाला कळायला नको. एकालासुद्धा नाही.”

“कबूल,” दादा म्हणाला.

“हात मिळवा.”

दादाने आधी हातावरचा रंग पुसला, मग हात मिळवला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा घोटाळा! हिरवी होती म्हणून मी एका शिंपीणबाईंचा डोळा शिजवला. त्या आल्या, आणि दादा म्हणतो, “अग, हा अजून व्हायचा होता!” त्यांच्यासमोर! मी टॅब त्याच्या नाकासमोर धरला. तो फोन बघतच राहिला, जवळ नेऊन, लांब धरून.

“मी निळीच दाबली होती.”

“मग हिरवी कोण दाबतं? भूत?”

“तुझं ते सिंक की काय ते – त्यालाच विचार.”

मी नको ते बोलले. फोनवर बोट ठेवताना लक्ष नसतं, म्हातारा झालास, असलं काहीबाही. तो उठून पॉलिशच्या चाकावर जाऊन बसला. चाक फिरत होतं, हातात डोळा नव्हता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अबोला. खुणांचासुद्धा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मुलीचा डोळा बसवला. आकार अगदी नेमका – तो भाग माझा, म्हणून आधी तेच बघते. पापणी पूर्ण मिटते. उजव्याबरोबर डावाही वळतो. रंगही मला छान वाटला. मुलगी आरशासमोरून हलेना. आई मात्र तिच्याकडे एकटक बघत होती. भावना दाटून आल्या असतील.

दादा आज माझ्याशी बोलला. “चहा ठेव ग.” चला, सुटलो!

२२ फेब्रुवारी, शनिवार

तांबडी खूण. मुलीच्या आईची मेल.

“घरात ठीक दिसतो. उन्हात डावा डोळा निळा दिसतो. शेजारच्या मुलाने विचारलं, तुझे दोन डोळे दोन रंगांचे का. तेव्हापासून ती पट्टी बांधून बसली आहे. तुम्ही खूप मेहनत घेतलीत, म्हणून लिहायला संकोच वाटत होता.”

सोबत अंगणातला फोटो होता. मी खूप वेळ बघितला. मला काही एवढा फरक वाटला नाही. फोटोत रंग बदलतात. पण वहिनी मागून वाकून बघत होती. “अग, हा तर चक्क निळा आहे!” म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. का ठेवला?

दादाने खिडकीजवळचा दिवा बदलला. म्हणे, बल्ब खराब होता.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

संगणकवाल्याला परत बोलावलं. दादा बाहेर गेलेला असताना बोलावलं, हे इथे कबूल करते. मेल जिथे साठवल्या जातात तिथे नोंद राहते म्हणे – कोणती खूण, कोणत्या यंत्रावरून, किती वाजता. आम्ही दोघं नोंदी आणि माझी कामाची वही शेजारी ठेवून बसलो.

पाच तारखेपासून नऊ खुणा चुकलेल्या. नऊच्या नऊ दादाच्या फोनवरून. तांबडी एकदाही चुकलेली नाही. चूक फक्त निळी आणि हिरवी यांच्यात.

“सिंक चोख आहे, ताई,” तो हळूच म्हणाला. “जे लावलं जातं तेच सगळीकडे जातं.” मग फोनचा पडदा दाखवला. संगणकावर खुणेशेजारी शब्द असतो – ‘थांब’, ‘पक्का’. फोनवर नुसता रंगीत ठिपका. शब्द नाही.

संगणकच बरा, असं तो का म्हणाला, ते आत्ता कळलं. आणि मीच त्याच्या हातात फोन कोंबला होता.

संगणकवाल्याला दारापर्यंत सोडायलाही गेले नाही. दादाच्या टेबलापाशी गेले. रंगाच्या बाटल्या. बाबांच्या काळापासून त्यांच्यावर नावं कधीच नव्हती, रंग दिसतो की! आता प्रत्येक झाकणावर चिठ्ठी. निळा. हिरवा. पिवळा. अक्षर वहिनीचं, शाळेत फळ्यावर लिहिते तसं, मोठं आणि गोल.

१ मार्च, शनिवार

चिठ्ठ्यांचं विचारलं, तर वहिनी रडली. मी पाणी दिलं तर पेला तसाच हातात धरून बसली.

वर्षभर चाललंय! आधी संध्याकाळच्या उजेडात गडबड व्हायची, मग दिवसाही. निळा, हिरवा, करडा – सगळे एकमेकांत मिसळतात म्हणे. डॉक्टरकडे जायला तयार नाही. तिच्याकडून शपथ घेतली होती, मुंगीला सांगायचं नाही. सकाळी शाळेत जाण्याआधी ती त्याला त्या दिवसाचे रंग काढून द्यायची. उरलेलं तो चाळीस वर्षांच्या सवयीवर ओढायचा.

मला आधी राग आला. मला का नाही सांगितलं! मग नऊ चुका आठवल्या आणि मी त्याला काय काय बोलले ते आठवलं. ‘म्हातारा झालास’ – त्याच्या तोंडावर. जीभ झडली का नाही माझी.

४ मार्च, मंगळवार

आज दादाशी बोलले. दुकान बंद केल्यावर, चाक थांबल्यावर.

काही विचारलं नाही. टेबलावर दोन रेशमी धागे ठेवले, एक निळा, एक हिरवा. बघितलं त्याने. हात नाही लावला.

“कळलं तुला,” म्हणाला.

“हो.”

“मुलीचा डोळा खूप वाईट झालाय का ग?”

खोटं बोलता आलं नाही. मान हलवली. तो म्हणाला, “मी तिच्याशी हात मिळवला होता.” आणि रडला. बाबा गेले तेव्हासुद्धा तो माझ्यासमोर रडला नव्हता. मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण मोठ्या भावाच्या पाठीवर हात कसा ठेवतात ते मला येत नाही. मी उठून चहा केला. तो त्याने घेतला.

५ मार्च, बुधवार

नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेलो, तिघंही. रंगीत ठिपक्यांची पुस्तकं, गोल टिकल्या ओळीने लावायच्या. दादाने लावल्या. मी बाहेर काचेतून बघत होते, ओळ काय लागली ते तिथून दिसलं नाही.

डोळ्यामागची नस सुकत चाललीय. दृष्टी लगेच जाणार नाही, पण रंग परत येणार नाहीत. औषध नाही. बाईंनी सरळ सांगितलं, ते मला आवडलं. म्हणाल्या, हे बहुतेक घराण्यातून येतं, भावंडांनीही तपासून घ्यावं.

“हो, घेईन,” म्हटलं. आधी मुलीचा डोळा. सत्तावीस दिवस उरलेत.

६ मार्च, गुरुवार

दादाने आज सगळे ब्रश धुतले, पुसले आणि माझ्या टेबलावर आणून ठेवले.

९ मार्च, रविवार

फोनवरच्या खुणांना आता शब्द आहेत. संगणकवाल्याने येऊन करून दिलं. एवढंच करायचं होतं!

मी रंगवायला शिकतेय. म्हणजे बाबांनी थोडं शिकवलंच होतं, पण दादाचा हात बघून मी कधीच सोडून दिलं होतं. आता तो मागे स्टुलावर बसतो आणि नुसता बोलतो. “बाहेरून आत ये. थांब. श्वास सोड आणि मग रेघ ओढ. बुबुळ एका रंगाचं नसतं, थर असतात. खालचा वाळू दे.” रंग दिसत नाही, तरी ब्रश किती ओला आहे ते त्याला आवाजावरून कळतं! मी त्याच्यावर दोनदा खेकसले. त्याने मला तीनदा गाढव म्हटलं. फार बरं वाटलं.

१२ मार्च, बुधवार

सहा बुबुळं फुकट. सातवं जरा बरं.

१५ मार्च, शनिवार

मुलगी आली. पट्टी बांधून. आईने तिला काय सांगून आणलं कोण जाणे, आधी कोपऱ्यात उभी. मग दादाकडे गेली.

“तुम्ही का नाही रंगवत?”

“माझे डोळे दमले, फौजदारीणबाई. रंग नीट दिसत नाहीत.”

ती विचारात पडली. “दोन्ही?”

“दोन्ही.”

“माझा एक तरी चांगला आहे,” म्हणाली, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिची आई खाली बघू लागली. दादा मात्र खरंच हसला, किती दिवसांनी.

मी अडीच तास रंगवलं. करडा, त्यावर हिरवा, कडेला सोनेरी ठिपके. तीनदा पुसलं. चौथ्यांदा तिच्या डोळ्याशेजारी धरलं आणि मला फरक दिसेना. हे मी केलं!

वहिनीला दाखवायचं होतं, पण ती परीक्षांच्या पेपरांत बुडालेली, आठवडाभर तिच्या आईकडे राहून तिथूनच शाळेला जातेय. असो. हिरवी खूण मी स्वतः लावली. शब्द वाचून – ‘पक्का’. शिजवला. पॉलिश दादाने केलं. बोटांनी काम चालतं तिथे तो अजून राजा आहे.

२० मार्च, गुरुवार

बसवला. मुलीने आरशात बघितलं आणि पट्टी घडी करून आईच्या पिशवीत टाकली. आई घाईत होती, बाहेर अंधारून आलं होतं. “उजेडात बघून लिहा,” म्हटलं.

दादा म्हणाला, “बाबा असते तर तुला ब्रश दिला असता ग.” मी मागच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. आनंदाने की कशाने, सांगता येणार नाही.

२४ मार्च, सोमवार

तीन दिवस मेलची वाट बघत होते. आज न राहवून दादाला विचारलं.

“अग, आली ना परवा! माझ्या फोनवर आली होती. छान बसलाय म्हणतात, खूश आहेत.”

“मला दिसली नाही ती.”

“चुकून उडवली असेन. तुला माहीतच आहे, माझी बोटं!”

पास झाले! दादाची वेदना संपलेली नाही, मला कळतं. पण दुकान चालू राहील. तो सांगेल, मी रंगवेन. बाबांची पाटी उतरवायला लागणार नाही. आज दोन नवीन माणसांना वेळ दिली. दादा म्हणाला, “जरा दमाने घे, पुढच्या महिन्यात दे.” मी कसली ऐकते!

२९ मार्च, शनिवार

मंगळवारी मुलीची शाळा. तिला चार ओळी लिहाव्यात म्हणून तिच्या आईचा पत्ता शोधला. गेल्या शनिवारची मेल निघाली. उडवलेली नाही. दादाच्या फोनवर वाचलेली, खूण न लावलेली, जुन्या मेलच्या तळाला ढकललेली. तिकडे जे केलं ते इकडेही होतं, हे तो विसरला.

“हाही निळा आहे हो. आधीच्यापेक्षा जास्तच. रागावू नका.”

मी रंगवलेला डोळा.

खाली दादाचं उत्तर. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक कारागीर बाई आहेत, त्यांच्याशी बोललो आहे, शाळा सुरू व्हायच्या आत त्या नवा डोळा करून देतील, मुलीला दिलेला शब्द मोडणार नाही. “आणि कृपा करून या पत्त्यावर लिहू नका, मला फोन करा. माझ्या बहिणीलाही तेच झालेलं दिसतं. तिला मी सावकाश सांगेन.”

त्याखाली नेत्रतज्ज्ञ बाईंची मेल. सोमवार, साडेदहा. नाव माझं.

दादा पलीकडच्या खोलीत पॉलिश करतोय. मी मुलीच्या आईच्या मेलवर तांबडी खूण लावली. त्याच्या फोनवर लगेच गेली असणार. मग वाट बघत बसले. थोड्या वेळाने चाक थांबलं.